दुसुतीवरची सीनरी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आईचा फोन आला. सोयाबीनचे भाव, शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, माझं जेवणखाण वगैरे नेहमीचे विषय झाले आणि मग तिने सहज विचारलं, "ती सीनरी लावलीस का रे?" मी म्हटलं, "आई, आवाज तुटतोय," आणि फोन ठेवला.

आवाज अजिबात तुटत नव्हता. सीनरी माझ्या बेडच्या बॉक्समध्ये, जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती. गेली दोन वर्षं.

आता सीनरी म्हणजे काय ते ज्यांच्या घरात ती आहे त्यांना सांगायला नको. आमच्या हिंगोलीकडे (आणि मला वाटतं सगळ्याच महाराष्ट्रात) मुलीच्या लग्नात रुखवत मांडायचे. त्यात काचेच्या नळ्यांचं तोरण, मण्यांची बैलगाडी आणि दुसुतीच्या कापडावर रंगीत दोऱ्यांनी भरलेलं एक निसर्गचित्र हमखास असायचं. तीच सीनरी. लग्नानंतर फ्रेम होऊन ती बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर जायची. आईची सीनरी १९९३ सालची. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होतं, आमचा जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. म्हणजे ही सीनरी जिल्ह्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जुनी आहे!

चित्रात बर्फाचे डोंगर आहेत, त्यातून येणारी निळी नदी, लाल कौलांचं घर, नदीत दोन हंस आणि काठावर, का कोण जाणे, एक नारळाचं झाड. बर्फाच्या पायथ्याशी नारळ. लहानपणी मला यात काहीच चूक वाटायची नाही. इंजिनिअरिंगला नांदेडला गेल्यावर अक्कल आली आणि मग मी सुट्टीत घरी आलो की त्या नारळावर विनोद करायला लागलो.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात फ्लॅट घेतला. ईएमआयचं ओझं, पांढऱ्या भिंती, एक राखाडी सोफा. वास्तुशांतीला आई-बाबा आले ते ही सीनरी घेऊनच. आई म्हणाली, "हॉलमध्ये चांगली दिसेल." मी म्हटलं, "अगं, ही तर कॉपी आहे. पुस्तकातला नमुना बघून कुणीही करतं." ती काही बोलली नाही. बाबांनी विषय बदलला.

त्या भिंतीवर मी काय लावलं होतं माहीत आहे? क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज'. १८७२ सालचं ते चित्र पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहे. माझ्याकडे होती ती ऑनलाइन मागवलेली कॅनव्हास प्रिंट, डिलिव्हरी फुकट. माझी ती कला, आईची ती कॉपी. हे वाक्य आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच असं वाटलं होतं.

यात अजून एक लाजिरवाणी गोष्ट आहे. त्याच्या आधी, २०२२ मध्ये, कंपनीने मला तीन महिन्यांसाठी लंडनला पाठवलं होतं. एका रविवारी पाऊस, खिशात मोजके पौंड, म्हणून फुकट प्रवेश असलेलं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम गाठलं. फिरत फिरत गिल्बर्ट नावाच्या संग्रहाच्या दालनात शिरलो. काचेच्या आत तपकिरीच्या डब्या, ब्रोच, छोट्या तबकड्या. त्यांवर रोमची दृश्यं होती. मोडकं कोलोसियम, फोरमचे खांब, तिवोली गावचं कड्यावरचं गोल देऊळ आणि खाली धबधबा. मला वाटलं, बारीक ब्रशने रंगवलंय. मोबाइलचा कॅमेरा काचेला लावून झूम केलं आणि हबकलोच. रंग नव्हताच. काचेचे तुकडे होते! मोहरीहूनही बारीक, एकाशेजारी एक लावलेले.

याला मायक्रोमोझेक म्हणतात. मोझेक म्हटलं की आपल्याला बाथरूमची फरशी आठवते, पण ही त्याच घराण्यातली फार नाजूक पाती. हा शब्दही तसा अलीकडचा, आणि तो रूढ करण्याचं श्रेय आर्थर गिल्बर्ट यांनाच देतात. मी त्या दालनात पाऊण तास उभा होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये सगळ्यांना फोटो दाखवत सुटलो, "बघ रे, काय पेशन्स असेल लोकांचा!" आणि पुण्यात येऊन आईला म्हणालो, ही तर कॉपी आहे.

असो. फोन खोटं बोलून ठेवला त्या रविवारी मला हे सगळं एकदम आठवलं. मग नेहमीप्रमाणे अपराधी वाटल्यावर इंजिनिअर जे करतो ते केलं. वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते ती रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये. तिथल्या ओलसर हवेने वेदींवरची मोठमोठी चित्रं खराब व्हायला लागली. तेव्हा ती काढून त्यांच्या जागी हुबेहूब मोझेक बसवायचं काम हाती घेतलं गेलं आणि त्यासाठी १७२७ मध्ये व्हॅटिकनचा कायमचा मोझेक कारखाना उभा राहिला. राफाएलच्या 'ट्रान्सफिगरेशन'चं तिथलं मोझेक १७६७ मध्ये पूर्ण झालं. आजही पर्यटक त्याला तैलचित्र समजतात. चित्राची नक्कल करायची तर छटा लागणार, म्हणून काचेच्या हजारो छटा तयार झाल्या. त्याही चमक नसलेल्या, कारण चमकलं की ते काच वाटतं, चित्र वाटत नाही.

चर्चचं काम कमी झाल्यावर कारागिरांनी पोटापाण्यासाठी दुसरं गिऱ्हाईक शोधलं. तेव्हा युरोपातली श्रीमंत पोरं शिक्षण संपलं की इटलीची सफर करायची. त्यांना घरी न्यायला रोमची आठवण हवी, पण बॅगेत मावेल अशी. मग या लोकांनी रंगीत काच आचेवर मऊ करून तिची तार ओढली, नूडल्ससारखी. तार थंड झाली की तिचे बारीक तुकडे करायचे. तांब्याच्या नाहीतर दगडाच्या ताटलीत जवसाच्या तेलात कालवलेली लांबी भरायची (हो, भिंतीला भरतात तशीच लांबी, फक्त सावकाश सुकणारी) आणि चिमट्याने एकेक तुकडा तिच्यात उभा खोचायचा. शेवटी फटींत रंगीत मेण भरून घासून पॉलिश. १७७५ मध्ये जाकोमो राफाएली या कारागिराने आपल्या रोममधल्या कामाच्या जागी अशा सूक्ष्म मोझेकचं प्रदर्शन भरवलं. तिथून पुढे शंभरेक वर्षं हा धंदा जोरात होता. फोटो आला, छापील पोस्टकार्ड आलं, आणि मग तो हळूहळू आटला.

आता थोडं गणित, त्याशिवाय मला चैन पडत नाही. चांगल्या कामात एका चौरस इंचात हजाराच्या वर तुकडे असतात, फार बारीक कामात तीन हजारांच्याही वर. तीन हजारांचं वर्गमूळ काढलं तर इंचाला साधारण ५५. आपल्या जुन्या मॉनिटरवर इंचाला ९६ पिक्सेल धरायचे. म्हणजे रिझोल्यूशनमध्ये ते लोक मॉनिटरच्या निम्म्याच्या आसपास पोचले होते, तेसुद्धा चिमट्याने!

पण पुढे वाचलं तेव्हा कळलं की ही तुलनाच चुकीची आहे. पिक्सेल चौकोनी असतो आणि त्याला एकच रंग असतो. या कारागिरांचा तुकडा चौकोनीच असला पाहिजे असं नाही. फांदीसाठी लांबट, पानासाठी बाकदार, डोंगराच्या उतारासाठी तिरका. पुढे तर अंतोनियो अग्वात्ती याने एकाच काचतारेत दोन-तीन छटा मिसळल्या, म्हणजे एका तुकड्यातच उजेडाकडून सावलीकडे जाणं आलं. काम सोपं करायला चित्राचे तुकडे केले असं ते नाहीच. प्रत्येक तुकड्याला 'तू इथे कोण आहेस' हे विचारून बसवलंय.

आता तुम्ही म्हणाल, तरी शेवटी कॉपीच ना? हो, कॉपीच. त्या रोमन दृश्यांपैकी कितीतरी आधीच्या चित्रांवरून किंवा छापील चित्रांवरून केलेली आहेत. आणि यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे प्लिनीची कबुतरं. पाण्याच्या भांड्यावर बसलेली चार कबुतरं, हा मायक्रोमोझेकवाल्यांचा सगळ्यात खपाऊ माल. ती त्यांनी घेतली १७३७ मध्ये तिवोलीजवळ हेड्रियन बादशहाच्या वाड्यात सापडलेल्या मोझेकवरून. पण ते मोझेकसुद्धा पेर्गामनच्या सोसस नावाच्या ग्रीक कारागिराच्या कामावरून केलेलं असावं असं मानतात, ज्याचं वर्णन प्लिनीने लिहून ठेवलंय. म्हणजे कॉपीच्या कॉपीची कॉपी. सोससचं मूळ काम आज शिल्लक नाही. कबुतरं शिल्लक आहेत, ती कॉपी करणाऱ्यांमुळे.

हे वाचून मी उठलो, बॉक्स उघडला आणि सीनरी बाहेर काढली. पहिल्यांदाच नीट बघितली. अठरा इंच बाय बारा इंच, इंचाला दहा टाके. म्हणजे १८० गुणिले १२०, बरोबर २१,६०० फुल्या. एका फुलीला दोन टाके, म्हणजे ४३,२०० वेळा सुई. हा आकडा मला माहीतच नव्हता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं त्या भिंतीसमोर जेवलो आणि एकदाही मोजलं नाही.

मग म्हटलं, करून तर बघू. दुकानातून दुसुती, सुई आणि दोऱ्याच्या चार लडी आणल्या. दहा बाय दहाचा एक चौकोन भरायचा, फक्त आकाश, एकच रंग. शंभर फुल्या. ५२ मिनिटं लागली. त्यात दोनदा उसवलं, एकदा बोटात सुई गेली, आणि मागची बाजू अशी दिसत होती की मांजराने खेळावं. त्या हिशोबाने आईचं चित्र मला १८० तासांच्या वर पडलं असतं. आईच्या चित्राची फ्रेम मागून उघडली. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ.

रात्री फोन केला. खोटं बोलल्याचं सांगितलं नाही, एवढी हिंमत नव्हती. विचारलं, "आई, नमुना कुठून घेतला होतास?" ती खूश झाली. म्हणाली, गल्लीतल्या एका ताईंकडे वही होती. त्यांनी कुठल्याशा पुस्तकातून गणिताच्या चौकटीच्या वहीत उतरवून घेतलं होतं, आईने त्यांच्याकडून आपल्या वहीत. "हंस एकच होता," ती म्हणाली. "एकटा बरा दिसेना. मी दुसरा घातला."

"आणि नारळ?"

"ते पाईनचं का कसलं झाड होतं. मला नाही जमेना. आपल्याला माहीत असलेलं काढलं."

ज्या नारळावर मी आठ-दहा वर्षं विनोद केले, तो या अख्ख्या चित्रात आईने स्वतः घेतलेला निर्णय होता. दुसरा हंससुद्धा.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि या लेखाचा मुद्दाही हाच. आपण 'कॉपी' या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे माझी मोनेची प्रिंट. तिच्यात कुणीच कुठे थांबलं नाही, कुणाला काही ठरवावं लागलं नाही. दुसरी म्हणजे तुकड्या-तुकड्याने पुन्हा केलेलं चित्र. तिथे प्रत्येक तुकड्याला माणूस थांबतो. ही छटा डब्यात नाही, मग जवळची कोणती? ही फांदी मावत नाही, मग सोडू का वाकवू? असे काही हजार निर्णय झाले की मूळ चित्र कुणाचंही असो, समोरचं चित्र त्या माणसाचं होतं.

याचा अर्थ जिथे जिथे मेहनत तिथे तिथे कला, असं मी म्हणत नाही. हल्ली बातम्या येतात, इतक्या लाख टाचण्यांचं चित्र, इतक्या हजार सीडींचं चित्र, विक्रमाची नोंद. बातमीत आकडाच असतो, चित्र कसं दिसतं ते कुणी लिहीत नाही. आकड्याने मीही वर हबकलोच, ते कबूल आहे. पण आधी कॉम्प्युटरने काढलेल्या नकाशावर कुठल्या नंबरच्या जागी कुठली टाचणी एवढंच बघून खोचलं, तर ती मजुरी झाली. मजुरीला मान आहेच, पण ती वेगळी गोष्ट. रोममध्येही तीच चार कबुतरं जन्मभर खोचत बसलेले कारागीर असणारच. बऱ्याच कामांवर तर कुणाची सहीसुद्धा नाही.

आणि आकार मोठा असला की निर्णय संपतात असंही नाही. आमच्याकडून फार लांब नाही, लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात २०१९ मध्ये मंगेश निपाणीकर यांनी कित्येक एकर रानात बी पेरून, उगवलेल्या रोपांतून शिवाजी महाराजांचं चित्र उभं केलं होतं. ते नीट बघायचं तर आकाशातून. तपकिरीच्या डबीला भिंग लागतं, याला ड्रोन. पण पेरणाऱ्याला तर उभं राहून फक्त पायाखालची माती दिसते. तरी चेहरा कुठे वळतो हे त्याच्या डोक्यात पक्कं असावं लागतं. तेच काम, मोजपट्टी वेगळी.

या सगळ्यानंतर मी एक उद्योग केला. दिवाळीत सिद्धेश्वर धरणावर काढलेला एक फोटो मोबाइलमध्ये होता. संध्याकाळचं पाणी, मागे औंढ्याच्या बाजूच्या टेकड्या, काठावर एक बाभूळ. पायथॉनमध्ये साठ-सत्तर ओळींचा प्रोग्राम लिहिला. फोटोच्या १८० बाय १२० चौकटी करायच्या, प्रत्येक चौकटीचा सरासरी रंग काढायचा, जवळजवळचे रंग एकत्र करायचे आणि चौकटीच्या वहीसारखा नमुना छापायचा. पहिल्यांदा २०० रंग आले. प्रिंट घेऊन शनिवारी हिंगोलीला गेलो, आईसमोर ठेवला. मनात म्हटलं, बघ, तुझ्या पोराने काय केलंय!

तिने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. "हे काय करायलास रे? दोनशे लडी कुठून आणू?"

चोवीसवर आणले. तिने पुन्हा बघितलं. "पाण्यात हे तांबडे ठिपके कामून?"

"सूर्याचा उजेड आहे. अल्गोरिदमने..."

"उजेड असा सांडत नाही. एका रेषेत येतो." पेन्सिलने सगळे ठिपके पुसून तिने एक तिरकी पट्टी काढली. मग बराच वेळ शोधत राहिली. "बाभूळ कुठे गेली?"

बाभूळ नव्हतीच. फोटोत होती, नमुन्यात नव्हती. बाभळीच्या फांद्या बारीक. प्रत्येक चौकटीत फांदी थोडी आणि आकाश जास्त. सरासरी काढली की फांदी आकाशात विरघळून जाते. प्रोग्राम बरोबरच होता, त्यात बग नव्हता. सरासरीला फांदी महत्त्वाची आहे हे कळत नाही, एवढंच. आईला कळतं. तिने पेन्सिलने एकेक चौकट काळी करत बाभूळ परत उभी केली, वाऱ्याने एका बाजूला कललेली, तिथे जशी आहे तशी.

रोमला आलेली ती श्रीमंत पोरं स्वतः पाहिलेली जागा डबीवर घेऊन जायची. आपल्या आयांनी मात्र आयुष्यभर न पाहिलेला बर्फ भरला, कारण नमुन्याच्या वहीत तोच होता. सिद्धेश्वरचं पाणी, वसमतकडे हळद शिजवताना उठणारी वाफ, कयाधूचं उन्हाळ्यातलं पात्र, यांना कुणी 'सीनरी' म्हटलंच नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, दृश्याला अजून मिळायचंय. :)

आईला आता बारीक छिद्रं दिसत नाहीत, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे. त्यामुळे ती मला सांगते आणि मी भरतो. वीकेंडला दोन-तीन तास, व्हिडिओ कॉल लावून. आजपर्यंत चौदाशे फुल्या झाल्यात, डावीकडची टेकडी जवळजवळ पूर्ण. मागची बाजू अजूनही मांजराने खेळल्यासारखीच आहे, ती मी कॅमेऱ्यासमोर आणत नाही.

जुनी सीनरी हॉलमध्ये लावली. मोने बेडच्या बॉक्समध्ये गेला, जुन्या चादरीत गुंडाळून. आईला फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन आला. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "उजवीकडे जरा खाली गेलीय. खिळा नीट ठोक."

आज रविवार आहे. हे पोस्ट टाकतो आणि ड्रिल मशीन मागायला शेजारी जातो.